उसना शहारा

अंगावरचा केस उभा राहतो तेव्हा तो एकदम उभा राहत नाही. आधी त्याच्या मुळाशी कातडी किंचित फुगते, मोहरीच्या दाण्याएवढा उंचवटा तयार होतो, आणि मग झोपलेल्या माणसाने हाक ऐकून मान उचलावी तसा केस तिरका तिरका वर येतो. हे सगळं डाव्या मनगटापाशी सुरू झालं आणि कोपराकडे सरकत गेलं. मृण्मयी ते बघत बसली. समोर रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र घुमत होतं, खिडकीबाहेर मिरजेतलं नेहमीचं कोरडं ऊन होतं, आणि घाबरावं, हरखावं किंवा थंडी वाजावी असं आसपास काहीच नव्हतं.

"ऋषी," ती मनातल्या मनात म्हणाली, "आता काय बघितलंस रे?"

शहारा तिचा नव्हता, उसना होता. तिच्या कानामागे नखाएवढी, कातडीच्या रंगाची एक पट्टी चिकटवलेली होती. तिची जोडीदार पट्टी तिच्या नवऱ्याच्या, हृषीकेशच्या कानामागे. तो या वेळी तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या शीतगृहात असणार. तिथला तो व्यवस्थापक होता.

शहारा ओसरायच्या आत मृण्मयीने मान वर केली. पलीकडच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ रक्त द्यायला बसले होते. सुईकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रेश्मा, तिची लॅबमधली सहकारी, त्यांना नातवंडांची नावं विचारत होती. पहिलं नाव, दुसरं नाव, आणि तिसरं नाव आठवता आठवता सुई आत जाऊन नळी भरायलाही लागली होती. म्हाताऱ्यांना पत्ता नव्हता. ते चौथ्या नावावर अडले होते. रेश्मा हे रोज करायची. मृण्मयीने ते हजार वेळा बघितलं असेल, पण आज बघताना तिचा श्वास अडला. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या माणसाने इतक्या अलगद त्याच्या भीतीवरून पलीकडे नेऊन ठेवावं!

"काय गं, अशी काय बघतीस?" रेश्मा म्हणाली. "नळी चुकली का माझी?"

"नाही. तू कर."

पट्टीमागचं शास्त्र तसं सरळ होतं. माणूस घाबरला की अंगावर काटा येतो आणि छाती धडधडते. माणूस थक्क झाला तरी काटा येतो, पण तेव्हा श्वास क्षणभर थांबतो आणि हृदय धावायच्या ऐवजी सावकाश होतं. शरीरात एक यंत्रणा 'पळ' म्हणणारी असते आणि एक 'थांब' म्हणणारी. एरवी एक जागी झाली की दुसरी मागे सरते. विस्मयाच्या वेळी दोन्ही एकदम जाग्या होतात, आणि ही खूण इतकी वेगळी आहे की ती ओळखणारी पट्टी करणं फार अवघड गेलं नाही. पुढची पायरी जास्त धाडसाची होती. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूचा बारीकसा फाटा कानापाशी कातडीच्या अगदी जवळ येतो. त्याला विजेचा हलका ताल दिला की शरीर त्याच अवस्थेत शिरतं. एकाची पट्टी खूण ओळखते, दुसऱ्याची पट्टी ताल देते. काय बघितलं, काय ऐकलं, हे पट्टीला कळत नाही. तिकडे आत्ता कुणीतरी थक्क झालं, एवढंच इकडे पोचतं.

मग शरीराला जे झालं त्याचं कारण मेंदू शोधू लागतो. समोर जे असेल ते त्याला पुरतं. म्हणूनच रेश्मा, म्हातारे गृहस्थ आणि ती भरत जाणारी नळी.

पट्टी दिली होती बागवान मॅडमनी. मृण्मयी आणि हृषीकेश यांनी संमतीने वेगळं होण्याचा पहिला अर्ज दिला होता, आणि कोर्टाच्या दुसऱ्या तारखेपर्यंत सहा महिने थांबणं भाग होतं. त्या काळात समुपदेशनासाठी त्यांना मॅडमकडे पाठवलं होतं.

"भांडणं किती होतात?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"होत नाहीत," दोघं एकदम म्हणाले होते.

"मारहाण, व्यसन, सासू?"

"छे!"

"मग होतं काय?"

काही होत नव्हतं, हीच तर तक्रार होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घर एखाद्या स्वच्छ प्रतीक्षालयासारखं झालं होतं. कुणी कुणाच्या सामानाला धक्का लावत नव्हतं. अर्जाची गोष्ट मृण्मयीने काढली होती आणि हृषीकेश 'तुला योग्य वाटत असेल तर' म्हणाला होता. त्यानंतर मात्र तीच अडली होती. पक्कं होय म्हणवत नव्हतं, नाही म्हणवत नव्हतं. मॅडमचा फोन आला की ती "अजून थोडं थांबू का?" म्हणायची. आधी हे थांबणं दयेपोटी होतं. पट्टी आल्यावर त्यात आशा मिसळली.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "आज साडेअकराच्या सुमाराला काय झालं होतं?"

हृषीकेशचा घास हातातच राहिला. "कुठं काय?"

"आठव की. आला होता मला."

त्याने आईकडे बघितलं, मग ताटाकडे. "हां, तेव्हा होय. बेदाण्याचा ट्रक आला होता. दार उघडल्याबरोबर ऊन आत गेलं आणि ते सगळे खोके... म्हणजे आतला माल... हिरवं सोनं असावं तसा."

मृण्मयी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस असं काही बघतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बारा वर्षं बेदाणाच बघतोयस," हृषीकेशची आई, कुमुदिनीबाई, कोशिंबिरीचं पातेलं पुढे सरकवत म्हणाल्या. "आजच सोनं झालं होय त्याचं?"

"आई, जेव गप."

"जेवतेच आहे. भाकरी वाढ म्हटलं तर वाढशील का, ते बघ आधी."

कुमुदिनीबाई एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गर्दीत त्यांचा आवाज अजून 'पुढं सरका' म्हणायचा आणि लोक खरंच सरकायचे. हल्ली अधूनमधून त्यांच्या छातीत धडधडायचं, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांनाही एक पट्टी दिली होती. ती साधी, फक्त ठोके नोंदवणारी. तीही कानामागेच लावायची.

"मला मात्र चारच्या सुमाराला कायतरी होतंय बघ," त्या मृण्मयीला म्हणाल्या. "आत गार वारं शिरल्यागत. मग पाच-दहा मिनिटं सगळी दुनिया चांगली वाटायला लागते. शेजारची ती सुलभासुद्धा. बरं लक्षण नव्हे हे."

"डॉक्टरांना सांगू या, आई."

"त्यांचा निरोप आलाय. रिपोर्ट एकदम फस्ट क्लास म्हणून."

पुढचे काही आठवडे मृण्मयी विचित्र सुखात आणि तितक्याच विचित्र गोंधळात होती. शहारे येत होते, दिवसाला तीन-चार तरी. कधी सकाळी, कधी ऐन दुपारी. प्रत्येक वेळी ती मान वर करायची आणि समोर जे असेल ते तिला नव्याने दिसायचं. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर रंग दिलेलं रक्त असायचं. दुपारी चारला ती या काचा बघायला बसायची. तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादी पांढरी पेशी जांभळं केंद्र घेऊन, एखाद्या वऱ्हाडातल्या मोठ्या बाईसारखी ठाण मांडून बसलेली. हे रक्त कुणा अनोळखी माणसाचं, आणि त्याच्या आत त्याला न विचारता, न सांगता एवढी ये-जा चाललेली. चारला येणारा शहारा कुठून यायचा हे तिला नीट सांगता आलं नसतं. पट्टीने दिलेल्या तालाशिवायही तो येऊ लागला होता.

संध्याकाळी ती हृषीकेशला विचारायची आणि तो सांगायचा. कधी शीतगृहाच्या छपरावर बसलेला बगळ्यांचा थवा, कधी कामावरच्या बाईंनी लेकराला झोपवताना म्हटलेलं काहीतरी. नेहमी थोडं थांबून, थोडं अडखळत. ते अडखळणं तिला आवडू लागलं. खोल काही सांगताना माणूस अडखळतोच, असं तिला वाटलं. भाजी चिरताना त्याच्या हाताकडे तिचं लक्ष जाऊ लागलं.

एका रविवारी दोघं दंडोबाच्या डोंगरावर गेले. कल्पना तिची होती. ज्याला रोज शीतगृहात इतकं दिसतं त्याला डोंगरमाथ्यावरून काय दिसेल! चढून जाईपर्यंत हृषीकेशला दम लागला. वर पोचले तेव्हा सूर्य खाली उतरत होता. सगळा मुलूख, द्राक्षांचे मांडव, दूरवरचा नदीचा पट्टा, तांबूस धुक्यात बुडत चालला होता. मृण्मयी डोळे मिटून वाट बघत उभी राहिली.

काहीच आलं नाही.

"छान आहे ना?" तिने विचारलं.

"फारच."

सूर्य बुडाला. दोघं खाली भज्यांच्या गाडीपाशी आले. हृषीकेश उभ्या उभ्या कांदाभजी खाऊ लागला. त्याने एक भजं चटणीत बुडवलं, आणि नेमका त्याच क्षणी मृण्मयीच्या मानेपासून पायापर्यंत असा शहारा गेला की तिला गाडीची कड धरावी लागली. आजवरचा सगळ्यात मोठा. डोळ्यांत पाणी आलं.

"ऋषी! आत्ता?"

तो चमकला. त्याच्या तोंडात भजं होतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हळूहळू मान हलवली. "हो... आत्ता."

"कशाने?"

त्याने हातातल्या कागदाकडे बघितलं. "भजी... चांगली आहेत."

परत येताना गाडीत ती पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होती. सूर्यास्ताला काही वाटलं नाही आणि कांदाभज्याला अंगभर काटा! पट्टी बिघडली असेल का? की माणूस इतका उलटा असू शकतो? आणि असला, तर तो तिला आवडत होता की नव्हता? शास्त्र शिकलेल्या माणसाला वाटतं की मोजता आलं म्हणजे कळलं. इथे मोजमाप अगदी चोख होतं आणि तिला काही कळत नव्हतं.

मंगळवारी ती सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर कुंभोजकर तरुण होते आणि पडद्यावरची रेघ बघून त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"काकू, हृदय तुमचं चाळिशीतल्या माणसाचं आहे. धडधडीची एक खूण नाही. फक्त बैठक कमी करा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एका जागी बसून असता तुम्ही."

"कोण, मी?" कुमुदिनीबाईंचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा चढला. "मी बसून? दुपारची वामकुक्षी घेत नाही मी!"

"नोंद सांगतेय. पण परवाच्या रविवारी छान केलंत. संध्याकाळी चांगला डोंगर चढलात. असंच चालू ठेवा."

"डोंगर? अहो, माझे गुडघे बघा आधी!"

मृण्मयीने पडद्याकडे बघितलं. रविवारची संध्याकाळ. चढत जाणारे ठोके, माथ्यावर घेतलेली विश्रांती, उतार, आणि मग भज्यांच्या गाडीपाशी संथ, अगदी शांत, निर्विकार रेघ. ही रेघ कुणाची हे तिला तत्काळ कळलं. पुढचं कळायला मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत वेळ लागला.

"आई, पट्ट्या आपण त्या मिसळणाच्या डब्यात ठेवतो ना?"

"मग? पद्धतच आहे ती." जुन्या गोल मिसळणाच्या डब्यात घरातल्या सगळ्या चिल्लर वस्तू ठेवायची शिस्त कुमुदिनीबाईंनीच लावली होती. प्रत्येकाची वाटी ठरलेली. आंघोळीच्या आधी पट्टी आपापल्या वाटीत काढून ठेवायची.

"आणि वाट्या घासल्या कधी?"

"पट्ट्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या बाजूला काढल्या, वाट्या घासल्या, पुसल्या, परत होत्या तशा..." त्या थांबल्या. गोल डब्यात पहिली वाटी कुठली, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. "अगं बाई! तुझी तर लाल ठिपक्याची, ती ओळखू येते. बाकी दोन्ही सारख्याच दिसतात."

डॉक्टरांकडे परत जाऊन त्यांनी नवी पट्टी घेतली आणि घडलेलं सांगितलं. डॉक्टर आधी हसले आणि मग गंभीर झाले. आठ दिवस नीट नोंद घेऊन पुन्हा बघू, म्हणाले. रिक्षाच्या थांब्यावर उभ्या असताना मृण्मयीने तो प्रश्न विचारला. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"रविवारी सूर्य बुडाल्यावर तुम्ही कुठे होता, आई?"

"पुलावर. म्हणजे पुलापाशी. कुठं जाणार आणखी?"

"काय बघत होता?"

"ते सांगून नाही कळायचं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चल, दाखवते."

कृष्णेवर घाटाच्या वरच्या अंगाला नवा पूल होत होता. दोन्ही काठांकडून लोखंडी सांगाडा पुढे पुढे येत होता आणि मधे आकाशाचा एक तुकडा उरला होता. काठावरच्या बाभळीखाली सात-आठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. कुमुदिनीबाईंसाठी एक खुर्ची राखून ठेवलेली होती.

"या, या, चिटणीस," एक उंच, हडकुळे गृहस्थ म्हणाले. "सूनबाई का?"

"हे देशिंगे गुरुजी, आमचे अध्यक्ष," कुमुदिनीबाईंनी ओळख करून दिली. "चित्रकला शिकवायचे शाळेत. हे आमचं बघे मंडळ."

"बघे मंडळ?"

"जिथं काम चाललं असेल तिथं जाऊन बघायचं," गुरुजी म्हणाले. "वर्गणी नाही, गणपती नाही. नियम एकच. बघायचं, सल्ला द्यायचा नाही. मागल्या महिन्यात एकाने वेल्डरला 'जरा डावीकडं घे' म्हणून सांगितलं. काढून टाकला."

"निलंबित केलाय," कुमुदिनीबाईंनी दुरुस्त केलं. "दिवाळीला परत घेणार आहोत."

मृण्मयी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. वर, सांगाड्याच्या टोकाला पिवळी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. क्रेनला लोखंडाची अवजड तुळई लटकलेली होती आणि तो माणूस तिच्याकडे हात करून दोन बोटं हळूहळू मिटत होता. बोटं मिटली तशी तुळई उतरली. त्याने तळहात सपाट केला, ती हवेत थांबली. करंगळी हलवली, ती केसभर वळली. कुणी ओरडत नव्हतं. खाली क्रेन चालवणाऱ्याला त्याचा चेहरासुद्धा दिसत नसेल. फक्त ती बोटं. एवढं मोठं वजन आणि एका माणसाचा दुसऱ्या माणसाच्या बोटांवर विश्वास.

कुमुदिनीबाईंच्या हातावरचे केस उभे राहिलेले मृण्मयीने बघितले, आणि पुढच्याच क्षणी आपले.

"रविवारी दिवे लावून शेवटून तिसरी बसवली," कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या. "अंधार पडला होता, तरी त्याची बोटं तशीच. मला रडू आलं बघ. कुणाला सांगू नकोस."

"मला कळलं होतं ते," मृण्मयी म्हणाली. "भज्यांच्या गाडीपाशी."

मग तिने सगळं सांगितलं. कुमुदिनीबाई ऐकत होत्या, नजर पुलावर.

"म्हणजे हे माझं तुला येत होतं."

"हो. आणि माझं तुम्हाला."

"मग ते चारचं?"

"चारला मी काचा बघते. रक्ताच्या."

"शी गं! रक्त बघून मला सुलभा चांगली वाटत होती?" मग त्यांच्या ध्यानात पुढचं आलं. "आणि ऋषी? तो तर रोज सांगत होता तुला काय काय."

मृण्मयीने पायाशी पडलेली बाभळीची शेंग उचलून सोलायला घेतली.

"हे बघ, तुला काय ठरवायचं ते ठरव," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी राहू नकोस आणि माझ्यामुळं जाऊ नकोस. मला मधे घेऊ नका. मी रिटायर आहे."

त्या संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिने हृषीकेशला विचारलं. त्याने काही नाकारलं नाही.

"मला एकदाही काही आलं नाही," तो म्हणाला. "सुरुवातीचे दोन दिवस वाट बघितली. मग वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. पट्टीचं कसं चुकेल?"

"मग खोटं का सांगत राहिलास?"

तो चादरीची दोन टोकं जुळवत होता. "तू विचारत होतीस म्हणून. कितीतरी दिवसांनी तू मला काहीतरी विचारत होतीस. डोळ्यांत बघून. 'नाही' म्हणालो असतो तर विचारणं थांबलं असतं." त्याने चादर तिच्या हातात दिली. "दिवसभर मी शोधत असायचो, आज तुला काय सांगायचं ते. बगळे खरे होते, मृणू. फक्त शहारा नव्हता."

रागावणं सोपं गेलं असतं. पण राग येत नव्हता आणि दयाही येत नव्हती. ती चादर धरून उभी राहिली. गेले काही आठवडे तिला या माणसाबद्दल जे वाटलं होतं त्याचं काय करायचं? ताल सासूबाईंनी दिला आणि कारण मेंदूने शोधलं, हे शास्त्राने सांगितलं. पण कारण चुकीचं निघालं म्हणून वाटणंही चुकीचं ठरतं का? रेश्माची सुई तर खरीच होती. त्या पेशीही खऱ्या. मग भाजी चिरणारे हेच हात तेवढे खोटे कसे? आणि जो माणूस तिच्या एका प्रश्नासाठी दिवसभर बगळे शोधत फिरला, त्याला खोटारडा म्हणायचं की आणखी काही?

बागवान मॅडमचा फोन आला. तारीख जवळ आली होती. "थोडं थांबू का?" मृण्मयीने विचारलं. "आता थांबायला जागा नाही," मॅडम म्हणाल्या.

पुलाचा मधला शेवटचा तुकडा बसवायच्या दिवशी बघे मंडळात जत्रा होती. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मृण्मयीने रजा घेतली आणि हृषीकेशलाही यायला सांगितलं. जोडपट्ट्या दोघांनीही लावल्या नव्हत्या. तिला एकदा तरी कुणाच्या मध्यस्थीशिवाय त्याच्या शेजारी उभं राहून काहीतरी बघायचं होतं. तो लगेच हो म्हणाला. सगळ्यांसाठी थर्मासमध्ये चहाही घेऊन आला.

तुकडा वर गेला. पिवळ्या टोपीवाल्याची बोटं मिटू लागली. दोन्ही काठांवरून दोन वेगवेगळ्या टोळ्यांनी महिनोनमहिने केलेलं काम, आणि मधे हा एक तुकडा, ज्याची भोकं दोन्हीकडच्या भोकांशी जुळायला हवी होती. बाभळीखाली कुणी हलत नव्हतं. तुकडा टेकला. एक मजूर लोखंडाची निमुळती सळई घेऊन पुढे सरकला, वाकला, आणि सळई त्याने भोकात सोडली. ती आरपार गेली. कुठेही न अडकता. टण् असा बारीक आवाज पाण्यावरून काठापर्यंत आला.

सगळ्यांनी एकदम सोडलेला श्वास ऐकू आला. गुरुजींनी डोळे पुसले. कुमुदिनीबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता आणि ती बाईही तो सोडत नव्हती. मृण्मयीच्या मानेवरून, दंडावरून, पाठीवरून तो आला. कुणाचा उसना नव्हता, आणि एकटीचाही नव्हता. ती भरल्या डोळ्यांनी हृषीकेशकडे वळली.

तो पुलाकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"तुला आला का ते."

"आला. तुला?"

"आला की," तो चटकन म्हणाला.

"काय वाटलं?"

त्याने पुलाकडे नजर टाकली, मग परत तिच्याकडे. ती थांबली. मनापासून थांबली. काहीही चाललं असतं. लोखंड, ऊन, नदी, कंटाळा आला, पाय दुखले, काहीही. पलीकडे मजूर शिट्ट्या वाजवत होते.

"तुला वाटलं तेच," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात कपट नव्हतं. "तू सांग ना आधी. मग मला नीट सांगता येईल."

तिला राग आला नाही. हा माणूस जन्मभर तिच्याबरोबर कुठल्याही पुलापाशी येईल, चहा आणेल, आणि पाठ पुलाकडे करून उभा राहील. याला कुणी प्रेम म्हटलं असतं तर तिने वाद घातला नसता. कदाचित ते होतंही. नक्की काय होतं हे तिला अजूनही कळलं नव्हतं, पुढे कळेल याची खात्री नव्हती. आपण ठरवलं आहे हेसुद्धा तिला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं.

"ऋषी," ती म्हणाली, आणि पुढची खुर्ची किंचित वळली, पण कुमुदिनीबाईंनी मागे बघितलं नाही. "मी पुढच्या तारखेला होय म्हणणार आहे. मला वेगळं राहायचंय."